एक्सव्ही६ मध्ये कर्नल पॅनिक, एसटीव्हॅल ०४०४०४०४०४०४०एफएफ८ : रॅम खराब की माझा कोड?

गोदाकाठची | रविवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्ट म्हणून एक्सव्ही६ मध्ये कॉपी-ऑन-राइट फोर्क बसवायलेय. एक्सव्ही६ म्हणजे एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम, १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सच्या धर्तीवरची. मी रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवाली घेतलीय, क्यूमू नावाच्या इम्युलेटरमध्ये चालवते. मूळ फोर्क (एका प्रोसेसमधून दुसरी काढणारं फंक्शन) आईच्या प्रोसेसची सगळी मेमरी लेकरासाठी कॉपी करतो. कॉपी-ऑन-राइटमध्ये दोघं तीच पानं (मेमरीचे ४ केबीचे तुकडे) वाचतात आणि लिहायची परवानगी दोघांचीही काढून घेतलेली असते. कुणी लिहायला गेलं की पेज फॉल्ट येतो (एसकॉज, म्हणजे अडण्याचं कारण सांगणारा आकडा, १५), मग तेवढ्या एका पानाची कॉपी काढून द्यायची. एक पान किती जणांकडं आहे ते मोजायला मी ३२७६८ घरांचा एक अ‍ॅरे ठेवलाय. १२८ एमबी भागिले ४ केबी.

पहिले दोन दिवस बूटच होईना. बूट होताना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सगळी पानं एकेक करून केफ्रीला (पान मोकळं करणारं फंक्शन) देतो आणि माझी केफ्री शून्यातून एक वजा करून उणे एकवर जायची, मग पान मोकळं व्हायचंच नाही. ते सापडलं. सुरुवातीला सगळे आकडे १ करून ठेवले.

आता एका सीपीयूवर यूजरटेस्ट्स (एक्सव्ही६ बरोबरच्या चाचण्या) सगळ्या पास होतात. नेहमीच्या ३ सीपीयूंवर चालवलं की चार-पाच खेपांतून एकदा घोळ होतो आणि तोही दर वेळी वेगळा. कधी 'पॅनिक: कर्नलट्रॅप' येतं आणि कर्नल हात टेकतो, एसकॉज डी (हेक्समधला, म्हणजे १६ च्या पायाच्या मोजणीतला, १३), एसटीव्हॅल, म्हणजे ज्या पत्त्यावर अडलं तो, शीर्षकात लिहिलाय. कधी नुसतंच थांबतं आणि लॅपटॉपचा पंखा सुटतो. कधी शेवटी 'काही मोकळी पानं हरवली' म्हणतं.

लॅपटॉप मामाचा जुना आहे, ४ जीबीचा. रॅम गेली असेल का? सबमिशन गुरुवारी आहे.

(कोडमधली नावं देवनागरीत लिहिलीत, हसू नका.)

मोंढा_नाका | सोमवार, सकाळी ७:१५

ताई, रॅमची पट्टी काढा, सोनेरी पिना खोडरबरनं घासा, फुंकर मारून परत बसवा. संभाजीनगरात माझ्या दुकानात येणारे निम्मे लॅपटॉप एवढ्यावरच चालू होतात. नाही झालं तर मेमटेस्ट लावून बघा.

हुरडापार्टी | सोमवार, सकाळी ८:०२

रुमाल टाकून ठेवतो. खोडरबर म्हणजे संगणकशास्त्रातली संजीवनी आहे, त्यावर शंका घ्यायची नाही.

गोदाकाठची | मंगळवार, सकाळी ६:४०

@मोंढा_नाका दादा, खोडरबर झालं. रात्री मेमटेस्ट लावली. पहाटे लाइट गेली आणि बॅटरी मेलेली असल्यामुळं लॅपटॉपही गेला, पण तोवर तीन फेऱ्या झाल्या होत्या. एकही चूक नाही. त्यानंतर यूजरटेस्ट्स लावली, तिसऱ्या खेपेला पॅनिक. आकडा तोच, ०४०४०४०४०४०४०एफएफ८.

बालाघाट | मंगळवार, सकाळी ९:३०

बीडहून. मी हाच विषय शिकवतो, म्हणून दोन शब्द. एका सीपीयूवर चालतंय आणि तीनवर मोडतंय, म्हणजे मपलं मत सरळ आहे: दोन सीपीयू एकाच वेळी एका गोष्टीला हात लावायलेत आणि मधी लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) नाही. केफ्रीत आणि फॉल्ट हँडलरमध्ये स्क्रीनवर छापणारं प्रिंटएफ घाल, कोणतं पान, कोणता सीपीयू, आकडा किती. मग लॉग बघून ठरवू.

गोदाकाठची | मंगळवार, दुपारी १:१०

सर, प्रिंटएफ घातलं. वीस खेपा चालवलं, एकदाही मोडलं नाही. प्रिंटएफ काढलं, दुसऱ्याच खेपेला मोडलं. 😭

हुरडापार्टी | मंगळवार, दुपारी १:१४

साहेब पाहणीला आले की नळाला पाणी. साहेब गेले की टँकर.

बालाघाट | मंगळवार, दुपारी २:०५

हुरडापार्टी चेष्टेत बोलले, पण बरोबर बोलले. प्रिंटएफला स्वतःचं लॉक आहे आणि सिरियल पोर्ट संथ. तिन्ही सीपीयू त्या एका लॉकपाशी रांगेत उभे राहतात, मग एकमेकांच्या पायात पाय अडकायचा राहतोच कुठं. असं कर, छापू नको. कर्नलमध्ये हजारभर घरांचा एक अ‍ॅरे ठेव, घटना त्यात गोल गोल लिहीत जा आणि पॅनिक झालं की मगच छाप.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ११:२५

येळवशीला गावी आलोय. भज्जी अन् आंबील जरा जास्तच झाली, झोप येईना, म्हणून फोनवरून लिहितोय. पुण्यात नोकरी, एम्बेडेड लिनक्सची. रोजचं काम म्हणजे हेच, दुसऱ्यांनी पाडलेल्या कर्नलचं पोस्टमॉर्टेम.

रॅमचा नाद सोड. खराब रॅम एखादा बिट फिरवते, कुठंतरी, कसाही. ती ०४०४०४०४ अशी रांगोळी काढत बसत नाही. हा आकडा कुणीतरी हातानं भरलाय आणि कुणी भरला ते त्याच्यातच लिहिलंय. बालाघाट सरांचा अ‍ॅरे चांगलाच आहे, पण मला वाटतं त्याची गरज पडायची नाही.

एक्सव्ही६ ची केफ्री उघडून बघ. पान परत घेताना ती अख्ख्या पानावर ०१ हा बाइट फासते. केअ‍ॅलॉक पान देताना ०५ फासते. हे मुद्दाम केलेलं आहे. सोडून दिलेलं पान कुणी अजून वापरत असेल तर त्याच्या हाताला कचरा लागावा आणि तो तिथंच आपटावा. म्हणजे मोकळ्या पानातले कुठलेही आठ बाइट घेतले तर ते ०१०१०१०१०१०१०१०१ दिसतात. फक्त पहिले आठ बाइट सोडून, कारण तिथं फ्रीलिस्टमधल्या, म्हणजे मोकळ्या पानांच्या यादीतल्या, पुढच्या पानाचा पत्ता असतो.

तू म्हणशील, मला ०४ दिसतंय, ०१ नाही. पेज टेबल म्हणजे प्रोसेसचा कुठला पत्ता खऱ्या मेमरीत कुठल्या पानावर आहे त्याची पायऱ्यापायऱ्यांची यादी, सगळ्यात वरची पायरी म्हणजे रूट. आता हेच आठ बाइट कुणी पेज टेबलातली नोंद समजून वाचले तर काय होईल ते बघ. नोंदीतून पत्ता काढताना आधी दहा बिट उजवीकडं सरकवतात, मग बारा बिट डावीकडं. वहीवर करून बघ:

०१०१०१०१०१०१०१०१
दहा उजवीकडं: ००००४०४०४०४०४०४०
बारा डावीकडं: ०४०४०४०४०४०४००००

आला का तुझा आकडा? पुढचं तर अजून बेकार आहे. ०१ मधला शेवटचा बिट १, तो 'नोंद वैध आहे' सांगणारा बिट. वाचणं, लिहिणं, चालवणं या तिन्ही परवानग्यांचे बिट शून्य, म्हणजे 'पुढच्या पायरीचं पेज टेबल या पत्त्यावर आहे' असा अर्थ होतो. म्हणजे केफ्रीनं फासलेला कचरा पेज टेबलाच्या भाषेत अगदी सरळ, सभ्य नोंद ठरतो. वॉक नावाचं फंक्शन वैध बिटापलीकडं काही बघतच नाही. ते बिचारं त्या पत्त्यावर चालत जातं आणि खड्ड्यात पडतं.

आता शेपूट. हेक्समधला एफएफ८ म्हणजे साधा ४०८८. एक नोंद आठ बाइटची, म्हणून भागिले ८, आलं ५११. शून्यापासून मोजलं तर टेबलातली अगदी शेवटची नोंद. प्रोसेसच्या पत्त्यांत दुसऱ्या पायरीला ५११ वी नोंद कुणाला लागते? ट्रॅम्पोलिनला, म्हणजे यूजर मोड आणि कर्नल यांच्यात ये-जा करायच्या कोडच्या पानाला, ते पत्त्यांच्या अगदी माथ्यावर असतं. मेलेल्या प्रोसेसचं पेज टेबल मोडताना एक्सव्ही६ सगळ्यात आधी ट्रॅम्पोलिनच काढते. बसतंय का?

म्हणजे माझा अंदाज असा: एका प्रोसेसचं रूट पेज टेबल ज्या पानावर आहे ते पान दुसऱ्याच कुणीतरी केफ्रीला देऊन टाकलंय आणि हिला पत्ताच नाही.

अंदाज बरोबर का ते आजच कळेल. एक म्हणजे एसईपीसीचा आकडा (कुठल्या सूचनेवर अडलं तो पत्ता) अ‍ॅडर२लाइनला दे. ते कोडमधली ओळ सांगतं. वॉकची ओळ आली तर रूट पान गेलंय, यूव्हीएमअनमॅपची (मॅपिंग काढणाऱ्या फंक्शनची) आली तर दुसऱ्या पायरीचं. आणि दुसरं, केफ्रीत मेमसेटला (पान एकाच बाइटनं भरणारं फंक्शन) दिलेला १ काढून तिथं हेक्समधला २१ घाल. २१ मध्येही वैध बिट १ आणि तिन्ही परवानग्या शून्य आहेत, त्यामुळं अपघात तसाच होईल, फक्त आकडा बदलेल. पुढचा पॅनिक ८४८४८४८४८४८४८एफएफ८ ला यायला पाहिजे. दुसरं काही आलं तर मी चुकलो, मग खुशाल खोडरबर लाव.

तुझी केफ्री इथं टाक.

मोंढा_नाका | मंगळवार, रात्री ११:४८

आमच्या खोडरबरवर सगळेच घसरलेत आज.

गोदाकाठची | बुधवार, पहाटे २:३३

दादा!!! ८४८४८४८४८४८४८एफएफ८ !!!

मी एवढ्यानं ओरडले की हॉस्टेलच्या रेक्टर मॅडम वर आल्या. अ‍ॅडर२लाइनवर वॉकची ओळ आली. तुम्ही आकडा आधी सांगितला होता आणि तोच स्क्रीनवर आला, मला अजून खरं वाटंना.

केफ्रीतला माझा भाग असा आहे, शब्दांत लिहिते: लॉक घेते. त्या पानाचा आकडा एकने कमी करते. लॉक सोडते. मग आकडा शून्य नसेल तर परत फिरते. नाहीतर पुढं मूळचा कोड, मेमसेट आणि फ्रीलिस्टला जोडणं. लॉक तर आहे ना?

बालाघाट | बुधवार, सकाळी ८:५०

आहे, पण दार लावलं आणि किल्ली बाहेरच ठेवली. 'लॉक सोडते' आणि 'मग बघते' यांच्या मधी जे आहे तेच तुझं दुखणं. आकडा २ आहे समज. आई आणि लेकरू, दोन सीपीयूंवर, एकाच पानावर एकाच वेळी लिहायला गेले. दोघांना फॉल्ट, दोघांनी आपापली कॉपी केली, दोघं जुनं पान सोडायला केफ्रीत आले. पहिल्यानं २ चा १ केला, लॉक सोडलं. तो आकडा बघायच्या आत दुसऱ्यानं १ चा ० केला, लॉक सोडलं. आता दोघंही बघायलेत आणि दोघांनाही शून्य दिसतंय. 'मी शेवटचा, मीच पान मोकळं करतो.' एकच पान दोनदा मोकळं झालं.

मोंढा_नाका | बुधवार, सकाळी ९:२०

मला एक कळंना. दोनदा मोकळं केलं तर काय बिघडलं? मोकळं ते मोकळंच की.

बालाघाट | बुधवार, सकाळी १०:०५

प्लॉटिंगवाल्याच्या यादीत एकच प्लॉट दोनदा लिहिला गेला, असं समजा. पहिला गिऱ्हाईक आला, त्याला दिला. दुसरा आला, यादीत अजून दिसतोय, त्यालाही दिला. दोघांकडं कागद आहेत, दोघांचे कागद खरे आहेत. पहिल्यानं घर बांधलं. दुसऱ्यानं चार महिन्यांनी जागा नको म्हणून परत केली, प्लॉटिंगवाल्यानं जेसीबी लावून सपाट केली. पहिला संध्याकाळी घरी आला तर घर नाही.

इथं पहिला गिऱ्हाईक म्हणजे ती प्रोसेस, घर म्हणजे तिचं रूट पेज टेबल आणि जेसीबी म्हणजे केफ्रीचं ०१.

हुरडापार्टी | बुधवार, सकाळी १०:११

सर, हे उदाहरण कर्नलचं आहे का आमच्या गल्लीतलं? नाव घेत नाही.

मांजराकाठ | बुधवार, सकाळी ११:४०

सरांनी नीट सांगितलं. मी फक्त तिन्ही लक्षणं एकाच धाग्यात ओवतो, कारण ताईला ते तीन वेगळे बग वाटायलेत.

मोकळ्या पानांची यादी ठेवायला एक्सव्ही६ वेगळी वही वापरत नाही. पुढच्या पानाचा पत्ता मोकळ्या पानाच्याच पहिल्या आठ बाइटांत लिहितात. तेच पान लागोपाठ दोनदा यादीत गेलं की त्याचा 'पुढचा' म्हणजे तेच स्वतः. कुत्रं शेपटीमागं फिरतं तसं. केअ‍ॅलॉकनं ते एकाला दिलं, यादीचं डोकं अजून तिथंच. पहिल्यानं पेज टेबल करायचं म्हणून पान शून्यानं भरलं. दुसरा आला, त्यालाही तेच पान मिळालं आणि त्याचा 'पुढचा' वाचला तर शून्य. यादी संपली! मागं हजारो पानं मोकळी पडलीत, पण तिथवर जाणारी वाट तुटली. ते तुझं 'पानं हरवली'.

पंखा सुटतो ते असं. रूट टेबल मोडलेली प्रोसेस यूजर मोडला परत जायला निघते. तिचं टेबल लागतं आणि हार्डवेअर पुढची सूचना आणायला जातं तर पानच सापडत नाही. अडलं की कर्नलला हाक, म्हणजे ट्रॅप. पण ट्रॅप हाताळायचा कोड ट्रॅम्पोलिनवर, आणि तेही त्याच मोडक्या टेबलातून शोधायचं. परत ट्रॅप. परत. पॅनिक छापायलासुद्धा कुणी जागेवर पोचत नाही, सीपीयू नुसता गरगरत बसतो.

आणि प्रोसेस परत न जाता मेली, टेबल मोडायची पाळी आली, तर कर्नल ते टेबल आपल्या हातानं वाचतो. तेव्हा मिळतो ०४०४.

दुरुस्ती एका ओळीची आहे. कमी केल्यावर आलेला आकडा लॉक हातात असतानाच एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये धर आणि पुढचा निर्णय त्याच्यावर घे. अ‍ॅरेकडं परत बघायचंच नाही. लिनक्समध्ये यासाठीच 'कमी कर आणि शून्य झालं का ते सांग' हे दोन्ही एका दमात करणारं अ‍ॅटॉमिक फंक्शन आहे. दोन सीपीयूंनी एकदम बोलावलं तरी 'हो' हे उत्तर एकालाच मिळतं.

पण थांब, लगेच दुरुस्त करू नको. आधी बग पाळीव कर. लॉक सोडल्यावर आणि आकडा बघायच्या आधी नुसता वेळ खाणारा एक लूप घाल, लाखभर फेऱ्यांचा. पाचातून एकदा येणारा बग दर खेपेला यायला पाहिजे. आला की मग दुरुस्ती कर, लूप तिथंच राहू दे आणि परत चालव. लूप असूनही आला नाही तर गेला म्हणायचं. नाहीतर काय होतं, काहीतरी बदलतो, दहा खेपा येत नाही, आपण पेढे वाटतो आणि अकराव्या खेपेला डेमोच्या वेळी हजर.

बालाघाट | बुधवार, दुपारी १२:१५

लूपची युक्ती मी वर्गात सांगत नव्हतो. आता सांगेन.

एका सीपीयूवर हा बग येऊच शकत नाही, हे मात्र कोड दाखवताना लिही. परीक्षकांना आवडतं.

मांजराकाठ | बुधवार, दुपारी १२:३२

सर, माफ करा, इथं अडतो. येऊ शकतो. एक्सव्ही६ मध्ये कर्नलचा कोड चालू असतानाही टायमर इंटरप्ट येतो आणि सीपीयू दुसऱ्या प्रोसेसला दिला जातो. लॉक हातात असेपर्यंत इंटरप्ट बंद असतात, पण हिनं तर लॉक सोडलेलं आहे. नेमकं त्या दोन-तीन सूचनांच्या मधी टिक पडला आणि दुसरी प्रोसेस त्याच पानासाठी केफ्रीत आली की झालंच. फट बारीक आहे, म्हणून दिसत नाही.

बालाघाट | बुधवार, दुपारी १२:५०

लॉक सोडताना इंटरप्ट चालू होतात हे डोक्यातच आलं नाही. बरोबर आहे तुमचं. ताई, ते वाक्य लिहू नको.

गोदाकाठची | बुधवार, संध्याकाळी ५:४५

लूप घातला. एका सीपीयूवरही मोडलं! मग दुरुस्ती केली, लूप तसाच ठेवला. तिन्ही सीपीयूंवर आठ खेपा झाल्या, सगळ्या पास, पानंही हरवत नाहीत. रात्रभर चालू ठेवणार आहे, लाइटनं साथ दिली तर.

एक प्रश्न. फोर्कमध्ये आईच्या नोंदींतला लिहायचा बिट मी काढून घेते, पण त्यानंतर टीएलबी साफ करायची सूचना मी कुठंच दिलेली नाही. तरी चालतंय कसं?

मांजराकाठ | बुधवार, संध्याकाळी ७:२०

चांगलं हेरलंस. टीएलबी म्हणजे पेज टेबलातल्या नोंदींची सीपीयूनं जवळ ठेवलेली नक्कल, घरात ठेवलेल्या जुन्या सातबाऱ्यासारखी. तलाठ्याकडं फेरफार झाला तरी घरातल्या कागदावर जुनंच नाव, आणि माणूस तोच कागद दाखवून कर्ज काढतो. तुझं निभावलं कारण एक्सव्ही६ मध्ये कर्नलचं आणि प्रोसेसचं पेज टेबल वेगवेगळं असतं. यूजर मोडला परत जाताना ट्रॅम्पोलिनमध्ये टेबल बदलतं आणि तिथं टीएलबी साफ करायची सूचना आधीपासूनच लिहिलेली आहे. जुनी नक्कल आपोआप फाटते.

लिनक्समध्ये असं फुकट मिळत नाही. तिथं एका प्रोसेसचे थ्रेड चार सीपीयूंवर एकाच टेबलावर चालत असतात, त्यामुळं बाकीच्या सीपीयूंनाही 'तुमच्याकडच्या नकला फाडा' असं सांगावं लागतं.

उंबरठा | बुधवार, रात्री ९:०५

सुरक्षेच्या क्षेत्रात आहे, मूळ परभणीचा. धागा वाचताना डर्टी काऊची आठवण झाली. लिनक्सच्या कॉपी-ऑन-राइटमधलीच शर्यत (दोघांची वेळ जुळली की होणारा असाच घोळ) होती ती. एक थ्रेड फक्त वाचायच्या फाइलच्या मॅपिंगवर लिहायचा प्रयत्न करत राहतो, दुसरा थ्रेड कर्नलला सांगत राहतो की हे पान मला नको, टाकून दे. वेळ जुळली की लिहिलेलं कॉपीत जायच्या ऐवजी मूळ पानात जातं, आणि साध्या वापरकर्त्याला रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या, मालकीची फाइल बदलता येते. हा बग कित्येक वर्षं लिनक्समध्ये होता, दुरुस्ती झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. ती दुरुस्ती करताना लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नोंदवलं की अकरा वर्षांपूर्वी आपणच तो एकदा मिटवायचा प्रयत्न केला होता आणि तो नीट जमला नव्हता. तेव्हा ताई, तीन दिवस म्हणजे काहीच नाही.

मोंढा_नाका | बुधवार, रात्री ९:३०

आणि मी गिऱ्हाइकांना सांगत होतो लिनक्सला काही होत नसतं.

हुरडापार्टी | बुधवार, रात्री ९:४१

कुणी हुरड्याला येणार आहे का शनिवारी? जालन्याजवळ शेत आहे, सुरती ज्वारी, तिळाची चटणी, वांगी भाजायची सोय आहे. आगटीपाशी बसून पेज टेबल वाचू.

संपादक मंडळ | बुधवार, रात्री ९:५५

अवांतर आवरा. हुरड्याचा वेगळा धागा काढा, तिथं आम्हीही येऊ.

गोदाकाठची | गुरुवार, सकाळी ७:०५

लाइट टिकली! रात्रभर चाललं, एकही पॅनिक नाही. लूप आता काढला.

मांजराकाठ दादा, तुम्ही खऱ्या लिनक्सवर काम करता, तिथंही असं वहीवर बिट सरकवत बसता का?

मांजराकाठ | गुरुवार, सकाळी ९:१५

कमी, पण सुटत नाही. तिथं हत्यारं बरी आहेत. मेमरीतल्या चुका पकडणारं केअसान २०१५ मध्ये लिनक्सच्या ४.० आवृत्तीबरोबर आलं. दर आठ बाइटांमागं एक बाइट बाजूला ठेवतं आणि त्यात लिहितं की यातले किती बाइट वापरायला मोकळे आहेत. कंपायलर मेमरीच्या प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी त्या बाइटाची तपासणी घालतो. सोडलेल्या मेमरीला हात लावलास की त्याच क्षणी अहवाल येतो: हात कुणी लावला, मेमरी कुणी घेतली होती, कुणी सोडली होती, तिन्हींचा माग. तुझा बग तिथं पहिल्याच फटक्यात सापडला असता. किंमत म्हणजे मेमरीचा आठवा हिस्सा जातो आणि मशीन बैलगाडीसारखं चालतं, म्हणून ते प्रयोगशाळेत. गिऱ्हाइकाकडच्या मशीनवर २०२१ पासूनचं केफेन्स लावतात. ते अधूनमधून एखादंच अ‍ॅलोकेशन निवडून दोन्ही बाजूंना कुंपण घालतं. भार जाणवत नाही, पण बग सापडायला वाट बघावी लागते. गळतीसाठी केमेमलीक, ते २००९ पासून आहे. गळती म्हणजे कुणीच मालक नसलेली मेमरी, हे सगळी मेमरी चाळून बघतं की या पत्त्याची आठवण कुठं उरलीय का.

गंमत म्हणजे इतकं असूनही रात्री दोन वाजता गिऱ्हाइकाकडून जो फोटो येतो, हो फोटोच, मोबाइलनं स्क्रीनचा काढलेला, तिरका, त्यात यातलं काहीच चालू नसतं. तेव्हा आकडेच वाचायचे. लिनक्सचा मेमरी वाटणारा स्लब अ‍ॅलोकेटर डीबग चालू असला की सोडलेल्या वस्तूवर ६बी फासतो. रजिस्टरात ६बी६बी६बी दिसलं की समजायचं मेलेल्याच्या खिशात हात घातलाय. पत्ता 'डेड'नं सुरू होत असेल तर यादीतून काढलेल्या नोंदीला कुणी परत धरलंय. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, बायकोचा नवा फोन नंबर नाहीये.

जा आता, सबमिशनला उशीर होईल.

गोदाकाठची | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

झालं. बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, "हा आकडा व्हेरिएबलमध्ये कशाला घेतलाय? अ‍ॅरे आहे की, सरळ वाचा ना." मी फळ्यावर आई-लेकराचे दोन सीपीयू काढून दाखवले, मग ०४०४ चं गणितही मांडलं. ते वही काढून लिहून घ्यायला लागले. पेढे माझ्याकडून, हुरड्याला घेऊन येते.

येलदरी | अकरा दिवसांनी, रात्री १०:१८

जुना धागा वर काढतोय, क्षमस्व. मी एक्सव्ही६ मध्ये प्रत्येक प्रोसेसला वेगळं कर्नल पेज टेबल देतोय. पहिली प्रोसेस बनतानाच कर्नलट्रॅप, एसकॉज डी, एसटीव्हॅल १४१४१४१४१४१४१४००. एका सीपीयूवरही दर वेळी येतं. ०४०४ पण नाही आणि ८४८४ पण नाही. माझी तर खरंच रॅम गेली वाटतं.

गोदाकाठची | अकरा दिवसांनी, रात्री १०:५६

दर वेळी, एकाच जागी, म्हणजे शर्यत नाही, उलट सोपं आहे.

१४१४ उलटं फिरवून बघा. ०५०५०५०५०५०५०५०५ दहा बिट उजवीकडं, बारा डावीकडं, आलं १४१४१४१४१४१४१०००. ०५ फासते केअ‍ॅलॉक. म्हणजे पान तुम्हाला नुकतंच मिळालंय आणि तुम्ही ते शून्य न करताच पेज टेबल म्हणून वापरायला घेतलंय. ०५ मध्येही वैध बिट १ आहे, त्यामुळं वॉकला सगळ्याच नोंदी खऱ्या वाटतायत.

शेपटीला ४०० उरतं. म्हणजे १०२४, भागिले ८, १२८ वी नोंद. दुसऱ्या पायरीची एक नोंद २ एमबीची, १२८ गुणिले २, २५६ एमबी. हेक्समध्ये १०००००००, तो यूएआरटीचा, म्हणजे सिरियल पोर्टचा पत्ता. तुमच्या फंक्शनमधलं पहिलंच मॅपिंग यूएआरटीचं आहे ना? त्याच्या वरच्या ओळीत, केअ‍ॅलॉकच्या लगेच खाली मेमसेट शून्य घाला.

येलदरी | अकरा दिवसांनी, रात्री ११:०९

बूट झालं. ताई, तुम्हाला माझा कोड दिसतोय का तिकडून?

मोंढा_नाका | अकरा दिवसांनी, रात्री ११:१२

खोडरबर लावलं होतं का आधी?